बॅगांना चाकं आली, तरीही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एकोणीस वर्षं हॉटेलच्या बेल डेस्कवर, म्हणजे पाहुण्यांचं सामान नेण्या-आणण्याच्या कामात काढली, शेवटची काही बेल कॅप्टन, म्हणजे बेलबॉयांचा मुख्य म्हणून. हे कळलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला: ‘आता बॅगांना चाकं असतात, मग बेलबॉय हवेत कशाला?’

चाकांनी आमचं काम खाल्लं हे खरंच. बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या बॅगेचं पेटंट १९७२ मध्ये मिळालं, पण ती पट्ट्याने ओढायची होती. रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने १९८७ मध्ये दोन चाकांची, दांड्याची उभी बॅग काढली आणि हळूहळू पाहुणे आपलं सामान आपणच लिफ्टपर्यंत नेऊ लागले.

पण बॅग हातात आली की पाहुणा कळतो. एक गृहस्थ आठवड्याच्या मुक्कामाला आले. कडक इस्त्रीचा सूट, भली मोठी बॅग. उचलली तर एकदम वर आली. आत काहीतरी एकच वस्तू या टोकाकडून त्या टोकाला घरंगळली. खोली, एसी, आग लागली तर उतरायचा जिना, सगळं दाखवून मी खाली आलो आणि फ्रंट ऑफिसला दोनच शब्द सांगितले, ‘स्कँटी बॅगेज’. म्हणजे सामान नावापुरतं. बिल बुडवून गेला तर हाती काही लागायचं नाही, पैसे आधीच घ्या. त्यांनी मुकाट्याने भरले, आठवडाभर राहिले, जाताना मला टिपही दिली. मी पार ओशाळलो. तरी पुन्हा तशी बॅग आली असती तर पुन्हा तेच सांगितलं असतं.

दारावरच्या माणसाचंही तसंच. लोकांना त्याचा सलाम दिसतो. तो पाहुण्याच्या टॅक्सीचा नंबर टिपून ठेवतो, ते मोबाइल टॅक्सीत राहिल्यावर समजतं.

आणि मोजणी! ग्रुप निघायचा म्हणजे पहाटे दाराबाहेर ठेवलेल्या बॅगा गोळा करायच्या, मोजायच्या, बसमध्ये चढवताना पुन्हा मोजायच्या. एकदा बेचाळीसच्या बेचाळीस भरल्या आणि बस गेली. मग लगेज रूमच्या दाराशी टॅग लावलेली एक काळी बॅग दिसली. तिच्याऐवजी दुसऱ्याच पाहुण्याची, अगदी तशीच बॅग बसमध्ये चढली होती. टॅक्सी करून विमानतळ गाठला, बसच्या पोटात शिरून अदलाबदल केली. दोन्ही मालकांना पत्ता लागला नाही.

चाकं दोन्ही बॅगांना होती.