४०९६

सोमवार, रात्री

आमच्या गेम इंजिनाच्या (ज्यावर लोक आपले गेम बनवतात) अँड्रॉइड फोल्डरला चार महिने हात लावला नव्हता. चालतंय ना, मग कशाला नसती उठाठेव! पण १ नोव्हेंबर २०२५ पासून प्ले स्टोअरचा नियम आहे: अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढचं टार्गेट ठेवणारं ॲप १६ केबीच्या मेमरी पेजवर चाललंच पाहिजे. (पेज म्हणजे सिस्टम मेमरी ज्या मापाने वाटते ते माप; आजवर ४ केबी, म्हणजे ४०९६ बाइट.) आमच्या इंजिनावर गेम करणाऱ्या एकाचं अपडेट त्यात अडकलं. त्याच्या गेममध्ये सी++ ची एकही ओळ त्याची स्वतःची नाही, सगळ्या एसओ फाइली (कंपाइल झालेल्या लायब्ररी) आमच्या. म्हणजे बोट कुणाकडे, ते उघड आहे.

मला वाटलं होतं, लिंकरला (एसओ फाइल जुळवणाऱ्या टूलला) एक फ्लॅग दिला की झालं. नवा एनडीके (अँड्रॉइडचं सी++ किट) आर२८ तर न सांगताच १६ केबीवर अलाइन करतो. पण एपीके, म्हणजे ॲपची फाइल, ही शेवटी झिप. आत कॉम्प्रेस न करता ठेवलेल्या एसओ फाइलीही १६ केबीच्या हद्दीवरच बसायला हव्यात, आणि ते आपणहून करणारा ग्रेडलचा (बिल्ड करणाऱ्या टूलचा) अँड्रॉइड प्लगिन ८.५.१ पासून पुढचा. त्याला ग्रेडल ८.७ लागतं आणि जेडीके (जावाचं किट) १७. आमचं बिल्ड मशीन ११ वर. तेही बदललं, तर मॅनिफेस्टमधलं (ॲपची माहिती देणाऱ्या फाइलीतलं) पॅकेजचं नाव चालेना. ते नेमस्पेस म्हणून ग्रेडलच्या फाइलीत न्यायचं. मग मॅनिफेस्टमध्ये गेमचं नाव भरणारी आमची पायथन स्क्रिप्टही बदला. गुंडी लावायला सुई घेतली आणि अख्खा शर्ट उसवला.

मंगळवार

दिवसभर ग्रेडल. लिहिण्यासारखं काही नाही. संध्याकाळी बिल्ड झालं.

बुधवार

ऑब्जडंपने (फाइलच्या आतलं दाखवणाऱ्या टूलने) एकेक एसओ फाइल तपासली. आमच्या सगळ्या २**१४ (म्हणजे १६ केबी) दाखवतात. एकच २**१२ (४ केबी) वर अडून बसली आहे: आवाजाची ती बंद लायब्ररी, जिचा सोर्स आमच्याकडे कधीच नव्हता. नवं व्हर्जन यायचं केव्हाच थांबलंय. १६ केबीच्या इम्युलेटरवर (संगणकातल्या नकली फोनवर) ॲप सुरू होताना लायब्ररी जोडणाऱ्या डायनॅमिक लिंकरने ती दारातूनच परत पाठवली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ६४-बिटची सक्ती झाली, तेव्हाही हिनेच रडवलं होतं. तेव्हा निदान निर्मात्याकडून ६४-बिट फाइल आली आणि आम्ही 'सुटलो' म्हणून पुढे गेलो. तेव्हाच काढून टाकायला हवी होती. आज काढली. तिच्या जागी ओबो ही आवाजाची लायब्ररी बसवली. ती नव्या फोनवर अँड्रॉइडचं एऑडिओ वापरते, जुन्यावर ओपनएसएल. डीकोडिंगसाठी सोर्ससकट मिळणारा एक छोटा डीकोडर घेतला. रात्री दोन वाजता पहिला 'टिंग' ऐकू आला.

गुरुवार

आज मात्र घोडं भलत्याच ठिकाणी पेंड खात होतं.

गेम इम्युलेटरवर सुरू झाला. पहिली लेव्हल छान. दुसरी उघडली तर पात्राचे हात गायब, आणि खांद्यापासून एक लांबलचक त्रिकोण पडद्याबाहेर गेलेला. क्रॅश नाही, लॉगकॅटमध्ये (अँड्रॉइडच्या नोंदींत) चकार शब्द नाही. मी तीन तास शेडरवर (चित्र रंगवणाऱ्या कोडवर) संशय घेतला. (ग्राफिक्स बिघडलं की मी आधी ड्रायव्हरला शिव्या देतो. ही सवय जायची नाही.)

दोष आमच्या पूल ॲलोकेटरमध्ये (इंजिनात मेमरी वाटणाऱ्या कोडमध्ये) होता. तो एमएमॅपने सिस्टमकडून मेमरीचा मोठा पट्टा घेतो, त्याचे ४०९६ बाइटचे तुकडे पाडतो आणि लेव्हल संपली की रिकामे तुकडे एमॲडव्हाइजने कर्नलला (सिस्टमच्या गाभ्याला) परत करतो. कर्नलला पत्ता पेजच्या सुरुवातीचाच हवा असतो. पेज १६३८४ चं झाल्यावर चारांतला एकच तुकडा त्या जागी पडतो. बाकी तिघांसाठी नुसती एरर परत येते, आणि ती बघायची तसदी आम्ही कधी घेतलीच नव्हती. एवढ्यावर निभावलं असतं. थोडी मेमरी अडकून राहिली असती, बस. पण तो चौथा तुकडा! त्याचा पत्ता बरोबर, म्हणून कर्नल विनंती मान्य करतो, लांबी मात्र पूर्ण पेजपर्यंत वाढवून घेतो. म्हणजे आम्ही एक खोली रिकामी करायला सांगितली आणि शेजारच्या तीन खोल्यांतली माणसंही सामानासकट गेली. तिथे आता सगळीकडे शून्यं. पात्राचे हात त्यातल्याच एका खोलीत राहत होते.

पेजसाइजचा मॅक्रो (आकड्याऐवजी कोडमध्ये वापरायचं तयार नाव) वापरला असता, तर नव्या सेटिंगमध्ये तो नसतोच, त्यामुळे कंपाइलरने तिथेच हटकलं असतं. पण आकडा हाताने लिहिलेला, आणि वर कमेंट: 'पेज कायम ४०९६. तपासायची गरज नाही.' ती ओळ कोणाची ते बघायला गिट ब्लेम केलं. सहा वर्षांपूर्वीचा मीच.

या स्टोअरच्या नियमांबद्दल मी दरवर्षी कुरकुर करतो. आज नाही केली. ती कमेंट आधीही खोटीच होती, फक्त तिला खोटं पाडणारा फोन आमच्याकडे नव्हता.

आता पेजचा आकार सुरू होताना सिसकॉन्फने सिस्टमलाच विचारतो, आणि पूर्ण पेज रिकामं झाल्याशिवाय काहीच परत देत नाही. हात परत आले.

शनिवार

रिलीज नोटमध्ये एक ओळ गेली: 'अँड्रॉइड: १६ केबी पेजसाठी सपोर्ट.' डेस्कटॉपवाल्या सहकाऱ्याने विचारलं, "एवढंच? आठवडाभर?" मी त्याला तो त्रिकोणाचा स्क्रीनशॉट पाठवला.

मग शेवटी जुना फोन काढला. अँड्रॉइड ५, ३२-बिट, मागचं झाकण किंचित फुगलेलं. आमचा मिनएसडीके (ज्याच्या खालच्या अँड्रॉइडवर गेम चालत नाही तो आकडा) अजून २१, म्हणजे अँड्रॉइड ५ आहे, म्हणून हा फोन ड्रॉवरमध्ये टिकून. गेम उघडला, दुसरी लेव्हल नीट चालली, हात जागेवर. पण बंदुकीचा आवाज गोळी लागून गेल्यावर येतो. बफर (आधी भरून ठेवलेला आवाज) अर्धा केला तर खरखर. मधला आकडा शोधत बसलो होतो, तेवढ्यात बॅटरी संपली. चार्जिंगला लावलाय.