शाळा समितीसाठी नाव दिलंय, तर माझं म्हणणं काय ते सांगते

यंदा आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीसाठी मी नाव दिलंय आणि तेव्हापासून जो भेटतो तो हेच विचारतो की ताई फंड कुठून आणणार, गेटला कमान होईल का, अजून एक टीव्ही बसेल का. बसेल की, टीव्हीला काय, आहे तो पण धूळ खात बसलाच आहे.

मला सगळ्यात आधी मीटिंग पाहिजे. म्हणजे खरोखरची, माणसं सतरंजीवर बसलेली. महिन्याला एक मीटिंग झालीच पाहिजे, पण बऱ्याच गावांत काय चालतं तर प्रोसिडिंगचं रजिस्टर एखाद्या पोराच्या हातात देऊन घरोघर फिरवतात, शेतातून आलेला माणूस हात पुसून सही ठोकतो, वर ठराव काय लिहिलाय कोण बघतंय. आणि 2009 चा शिक्षण हक्क कायदा काढून बघा, कलम 21, त्यात समितीत पाऊण भाग पालक पाहिजेत, निम्म्या बायका पाहिजेत, शाळेचा विकास आराखडा समितीने करायचा आणि अनुदान कुठं खर्च झालं ते पण समितीनेच बघायचं असं सरळ लिहिलंय. एवढा अधिकार हातात असून आपण फक्त सहीचे धनी. निम्म्या बायकांचं तर बोलूच नका, नाव बाईचं आणि खुर्चीत तिचा नवरा. आमच्या घरी मी आधीच सांगून ठेवलंय, मीटिंगला मीच जाणार, तुम्ही म्हशींचं बघा.

आता पैशाचं. लोकांना वाटतं शाळेला लाखो येतात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून जे संयुक्त अनुदान येतं ते 31 ते 100 पटाच्या, म्हणजे तेवढी पोरं असलेल्या शाळेला वर्षाला 25,000 रुपये, आणि पट 30 च्या आत असेल तर फक्त 10,000. त्यातच खडू, लाइट बिल, किरकोळ दुरुस्ती, सगळं. त्यातले निदान 10 टक्के स्वच्छतेवर घालायचे म्हणजे आपल्याला 2,500, वर्षाला 200 दिवस शाळा धरली तर दिवसाला साडेबारा रुपये. प्राथमिक शाळेला शिपाई नसतोच, मग संडास धुणार कोण? कुठं कुठं पोरीच धुतात, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. माझं म्हणणं आहे की सफाईला माणूस ग्रामपंचायतीने द्यावा, ग्रामसभेत मी हा विषय घेणार आहे, सरपंचांना आधीच कळवलंय म्हणजे ऐनवेळी कोणी दचकायला नको.

दुसरं एक काम आहे जे कोणाच्या डोक्यातच नसतं, ते म्हणजे आधार. हसू नका. संचमान्यतेला म्हणजे शाळेला शिक्षक किती द्यायचे हे ठरवताना 30 सप्टेंबरचा पट धरतात आणि त्यात ज्या पोराचं आधार पोर्टलवर जुळतं तेच पोर मोजलं जातं. आपला पट 64. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशोबाने साठपर्यंत दोन शिक्षक, 61 पासून तीन. आता बघा, चार-पाच पोरांच्या आधारवर नावाची किंवा जन्मतारखेची चूक राहिली की वर्गात बसलेली पोरं कागदावर गायब आणि तिसरे गुरुजी अतिरिक्त होऊन दुसऱ्या गावाला. मग चार वर्ग दोघांनी सांभाळायचे. त्यातला एक बीएलओ, म्हणजे निवडणुकीच्या कामाचा माणूस म्हणून मतदार याद्या घेऊन फिरतोय, दुसरा ऑनलाइन माहिती भरतोय, आणि पोरं? शिक्षकांना शिव्या घालणारे गावात भरपूर आहेत, पण कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून त्यांना दुसरी कामं लावू नयेत असं लिहिलंय, ते धरून बाकीच्या कामांबद्दल वर पत्र लिहायला कोणी बसत नाही. मी बसेन. अक्षर बरं आहे माझं.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं करायचं ते म्हणजे वाचन. तिसरी संपेपर्यंत पोराला समजून वाचता आलं पाहिजे, साधी बेरीज-वजाबाकी आली पाहिजे, केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं लक्ष्य पण हेच आहे. मी शेजारच्या पोरांना संध्याकाळी ओट्यावर घेऊन बसते, चौथीतली पोरं पण जोडाक्षर आलं की थांबतात, ‘पुस्तक’ला अडखळतात आणि मग तोंडाकडे बघून अंदाजाने ठोकून देतात. पोरं हुशार आहेत हो, अंदाज पण बरोबर निघतो कधी कधी! शाळेत गोष्टीची पुस्तकं आहेत पण कपाटाला कुलूप, फाटली तर ऑडिटला काय दाखवायचं ही भीती. तर समितीचा पहिला ठराव मी हा मांडणार की पुस्तकं घरी जाऊ द्या, फाटली तर फाटली, तसं समितीने लिहून द्यायचं म्हणजे गुरुजींच्या मानेवर काही नको. शिवाय महिन्यातून एकदा पोराने आईसमोर शाळेत एक पान वाचून दाखवायचं. पहिलीत येणाऱ्या पोरांच्या तयारीसाठी ‘पहिले पाऊल’ झालं त्या वेळी माता गट केले होते ना, त्याच बायकांना परत हाक मारायची. ज्या आईला वाचता येत नाही तिला पण पोरगं अडखळलेलं बरोबर कळतं.

सेमी इंग्रजी सुरू करा, पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जाणारी पोरं परत येतील, असं पण बरेच जण म्हणतात. येतील, नाही असं नाही. पण आधी मराठी वाचता येऊ दे मग सेमीचं बोलू, यावर काही मतं गेली तरी चालतील मला.

पालक सभा शनिवारी शाळा सुटल्यावर आहे. मत मला द्या नाहीतर कोणाला द्या, पण येताना पोराचं आधार आणि जन्मदाखला घेऊन या, नावं तिथंच ताडून बघू.