मे महिन्यानंतरची शाळा

कोकणात जूनच्या मध्याला शाळा उघडते ती नेमकी पावसाच्या तोंडावर. महिनाभर मुंबई-पुण्याच्या भावंडांनी भरलेले घर चाकरमानी परतल्यावर बघता बघता रिकामे होते, खळ्यातला मांडव उतरतो, आंब्याफणसाचा हंगाम संपत येतो आणि खवळलेल्या समुद्रावर जायला मनाई होते. बाकी सगळे निघून गेल्यावर मुलाच्या वाट्याला शाळा उरते. गुहागर तालुक्यात मी पहिली-दुसरीचे वर्ग शिकवते आणि जूनमध्ये वर्गात ऐकू येणारे बरेचसे रडू शाळेविरुद्ध नसून त्या रिकाम्या घरासाठी असते, असे माझे मत झाले आहे. म्हणून पालकांना मी अभ्यासाआधी झोप आणि निरोप या दोन गोष्टी सांभाळायला सांगते.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते. सुट्टीत पडवीत गप्पा मारत, पत्ते खेळत जागलेले मूल आदल्या रात्री लवकर झोपवू म्हटले तर झोपत नाही, कारण झोपेची वेळ एका रात्रीत मागे सरकत नाही. ती आठवडाभर आधीपासून रोज पंधरा-वीस मिनिटांनी मागे आणावी लागते. यात उठण्याची वेळ धरून ठेवणे अधिक महत्त्वाचे, कारण शरीराचे घड्याळ मुख्यत्वे सकाळच्या उजेडावर चालते. आपल्याकडे जूनची सकाळ ढगांनी काळवंडलेली असते आणि माजघरात तर दिवा लावावा लागतो. तरीही ढगाळ आभाळाचा बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यामुळे उठल्यावर मुलाला थोडा वेळ पडवीत बसवावे, पेज तिथेच द्यावी. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला. पण रात्री अकरापर्यंत मोबाइल हातात असेल तर त्याचा उपयोग काय?

निरोपाचे मात्र जरा सविस्तर सांगायला हवे. दारात रेंगाळणारी आई, खिडकीतून पुन्हा पुन्हा डोकावणारे आजोबा आणि 'रडलास तर परत नेईन' असे आश्वासन, या तिन्हींमुळे रडू लांबते. मुलाला घ्यायला कोण येणार आणि केव्हा, हे एकदाच स्पष्ट सांगावे, जवळ घ्यावे आणि निघावे. त्याची नजर चुकवून पळून जाणे त्याहून वाईट, कारण दुसऱ्या दिवशी ते मूल हात सोडतच नाही. 'खाऊ खाल्लेस की मी येते' ही वेळ त्याला 'साडेचारला येते' यापेक्षा लवकर कळते. पण तसे म्हटले तर त्या वेळी यायला हवे. साकवावरून पाणी जात असल्याने उशीर होणार असेल, तर शाळेत फोन करावा. आम्ही मुलाला तसे सांगतो.

सकाळी पोट दुखते आणि रविवारी दुखत नाही, अशी तक्रार दरवर्षी येते. ते सोंग असते असे मला वाटत नाही. धास्तीने पोट खरोखर दुखते. ताप, उलटी किंवा जुलाब नसतील तर मुलाला प्रेमाने पण निश्चयाने शाळेत पाठवावे, कारण घरी ठेवल्याने त्या दिवसापुरती सुटका होते आणि दुसऱ्या दिवशीची भीती वाढते. दुखणे आठवड्यांमागून आठवडे टिकले, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे आणि वर्गात कोणी त्रास देते का, याची शिक्षकांकडे चौकशी करावी.

अभ्यासाचे थोडक्यात सांगते. सुट्टीत वजाबाकी विसरते, ती परत येते. पहिल्याच आठवड्यात शिकवणी लावू नये.

आपल्याकडची खरी अडचण अशी, की बसलेली घडी पुन्हा मोडते. जुलैत रेड अलर्ट आला की जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात. त्या दिवशीही मुलाला नेहमीच्या वेळी उठवावे. पुढे गौरी-गणपतीत रात्री भजने आणि आरत्या असतात, त्यांतून मुलांना दूर ठेवा असे मी कधी सांगणार नाही. विसर्जनानंतर शाळेच्या आदली रात्र तेवढी झोपेसाठी राखावी, आणि गृहपाठ राहिला असेल तर वहीत तसे दोन ओळींत लिहून पाठवावे.