‘गुड’ शिक्क्याचा डेटा आणि म्यूऑनची एफिशियन्सी : माझा अनुभव

गुड रन लिस्टमध्ये, म्हणजे वापरण्याजोग्या ठरवलेल्या डेटाच्या यादीत, एखादा रन (सलग डेटा घेण्याचा एक तुकडा) आहे, याचा अर्थ त्या वेळी डिटेक्टरचा कोपरान्‌कोपरा चालू होता असा होत नाही. हे मला सुरुवातीलाच कुणी ठणकावून सांगितलं असतं तर माझं मोजमाप कितीतरी आधी बाहेर पडलं असतं. अजूनही आठवलं की चिडायला होतं, म्हणून सगळं लिहून काढते आहे. प्रोटॉन-प्रोटॉन टकरींच्या डेटावर पहिलं मोजमाप अप्रूव्ह करून घ्यायला निघालेल्यांना त्याचा उपयोग व्हावा.

मोजमाप तसं सरळ होतं. लार्ज हेड्रॉन कोलायडरच्या रन 2 मधल्या (डेटा घेण्याच्या दुसऱ्या मोठ्या टप्प्यातल्या), म्हणजे 13 टीईव्ही ऊर्जेच्या टकरींमध्ये झेड बोसॉन हा जड कण तयार होऊन त्याचे दोन म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण) होतात, त्याचा क्रॉस सेक्शन, म्हणजे असं घडण्याची शक्यता किती त्याचं माप, काढायचा. 1983 मध्ये सर्नमध्येच, म्हणजे हा कोलायडर जिथे आहे त्याच प्रयोगशाळेत, झेडच्या अगदी मोजक्या घटना सापडल्या तेव्हा तो मोठा शोध ठरला होता. आता एका वर्षाच्या डेटात त्या कोट्यवधी मिळतात. त्यामुळे घटना कमी पडतात म्हणून येणारी अनिश्चितता जवळजवळ उरतच नाही. खरा प्रश्न असतो तो आपल्या हातून किती म्यूऑन निसटले याचा. मोजलेल्या घटनांना ॲक्सेप्टन्स (डिटेक्टरच्या आवाक्यात येणारा वाटा), एफिशियन्सी (आवाक्यातल्यांपैकी खरोखर टिपलेला वाटा) आणि लुमिनॉसिटी (एकूण किती टकरींचा डेटा मिळाला त्याचं माप) यांच्या गुणाकाराने भागायचं असतं, आणि म्यूऑन दोन असल्यामुळे एफिशियन्सी दोनदा लागते. एका म्यूऑनमागे अर्धा टक्का इकडेतिकडे झालं की उत्तर एका टक्क्याने हलतं. कोलायडरवरच्या ॲटलास प्रयोगाने पूर्ण रन 2 साठी लुमिनॉसिटीची अनिश्चितता 0.83 टक्क्यांवर आणून दाखवली आहे. लुमिनॉसिटीवाले इतकी मेहनत घेत असताना एफिशियन्सीत अर्धा टक्का ‘चालतंय’ म्हणून सोडून द्यायचा, हे मला पटत नाही.

एफिशियन्सी डेटातूनच काढायची रीत म्हणजे टॅग अँड प्रोब. दोन म्यूऑनांपैकी एक अगदी कडक अटींवर निवडायचा आणि सिंगल म्यूऑन ट्रिगरही (एक म्यूऑन दिसला की घटना नोंदवायला लावणारी यंत्रणा) त्यानेच उडवलेला असला पाहिजे. हा टॅग. दुसरा म्हणजे आतल्या ट्रॅकरमधला नुसता एक ट्रॅक, हा प्रोब. दोघांचं मिळून वस्तुमान 91 जीईव्हीच्या आसपास आलं की हा ट्रॅक झेडमधून आलेल्या म्यूऑनचाच, असं मानायला जागा असते. मग बाहेरच्या म्यूऑन चेंबरांनी त्याला पाहिलं का, एवढं विचारायचं. पाहिलेले भागिले सगळे, झाली एफिशियन्सी. हेच सिम्युलेशनवर करायचं आणि दोन्हींच्या गुणोत्तराला स्केल फॅक्टर म्हणायचं. निवड, पार्श्वभूमी, अनफोल्डिंग (डिटेक्टरमुळे आलेला धूसरपणा काढणं) हे सगळं बिनबोभाट पार पडलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

अडलं ते एका प्लॉटवर.

ईटा म्हणजे म्यूऑन बीमशी किती कोन करून निघाला त्याचं माप; शून्य म्हणजे बीमला काटकोनात. ईटा शून्याच्या आसपास एफिशियन्सी खाली जाते हे अपेक्षितच असतं. आतल्या भागांच्या केबल आणि नळ्या कुठून तरी बाहेर काढाव्या लागतात, चेंबरांना आधार द्यावा लागतो, म्हणून अशा फटी राहतात. फटी सिम्युलेशनमध्येही असतात, त्यामुळे खड्डा दोन्हीकडे दिसतो आणि गुणोत्तर एकाच्या जवळ राहतं. माझ्या प्लॉटमध्ये फटीच्या शेजारच्या बिनमध्ये (ईटाच्या कप्प्यात) डेटाचा खड्डा सिम्युलेशनपेक्षा स्पष्टच खोल होता. रिव्ह्यू कमिटीने पहिल्याच फेरीत विचारलं, हा फरक कशाचा? प्रश्न रास्त होता. मलाही तोच पडला होता.

आधी फिट तपासला. प्रोब नापास होतो त्या नमुन्यात सिग्नल थोडा आणि पार्श्वभूमी भरपूर, त्यामुळे फिट जुळल्यासारखा दिसतो आणि आकडा भलताच देतो. शिवाय म्यूऑनने जाताजाता फोटॉन सोडला की वस्तुमान कमी भरतं आणि शिखराला डावीकडे शेपूट येतं. नापास नमुन्यात या शेपटाचा आकार पास नमुन्यापेक्षा वेगळा असतो. म्हणून सिग्नलचा आकार त्याच बिनच्या सिम्युलेशनमधून घेतला, पार्श्वभूमीचं फंक्शन बदलून पाहिलं, वस्तुमानाची खिडकी 60 ते 120 ऐवजी 70 ते 110 केली. खड्डा जागचा हलला नाही.

मग ईटाच्या जोडीला फाय (बीमभोवतीचा कोन) घेऊन द्विमितीय नकाशा काढला आणि एका फटक्यात चित्र उलगडलं. सगळा फरक एकाच सेक्टरमध्ये, म्हणजे बीमभोवतीच्या एकाच फाकेत होता. नकाशावर एक आयताकृती डाग, बाकी सगळीकडे डेटा आणि सिम्युलेशन हातात हात घालून. डागाच्या कडा थोड्या पसरट होत्या. मी पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह म्यूऑन वेगळे केले, तर एकाचा डाग किंचित उजवीकडे आणि दुसऱ्याचा डावीकडे सरकलेला. चुंबकीय क्षेत्रात दोघे उलट बाजूंना वळतात, त्यामुळे टकरीच्या जागी मोजलेला फाय आणि चेंबरजवळचा फाय सारखा नसतो. ट्रॅक चेंबरच्या अंतरापर्यंत वाढवून फाय पुन्हा काढला, तेव्हा दोन्ही डाग एकमेकांवर तंतोतंत बसले आणि कडा धारदार झाल्या. म्हणजे दोष ट्रॅकरमध्ये नव्हता, फिटमध्ये नव्हता, तिथे त्या अंतरावर ठेवलेल्या एका वस्तूत होता. हा प्लॉट तयार झाला तो क्षण या सगळ्या कामातला माझ्या सर्वांत आवडीचा. आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइड भरलेल्या नळ्यांचा एक संच काम करत नाही आहे, हे मी डिटेक्टरच्या जमिनीखालच्या गुहेत पाय न ठेवता, फक्त झेड बोसॉनच्या आधाराने दाखवू शकत होते.

पुढचा प्लॉट रन क्रमांकानुसार. त्या आयतातली एफिशियन्सी एका रननंतर पायरी उतरावी तशी खाली आली होती आणि टेक्निकल स्टॉप (दुरुस्तीसाठी बीम बंद ठेवण्याचा काळ) झाल्यावर तशीच वर गेली होती. बीम चालू असताना गुहेत कुणालाच जाता येत नाही, त्यामुळे हाय व्होल्टेज धरत नसलेला चेंबर पुढच्या स्टॉपपर्यंत तसाच राहतो. एरवी एखादा चेंबर गेला तरी फारसं बिघडत नाही, बाकीचे थर सांभाळून घेतात. पण हा फटीला लागून होता, तिथे थर मुळातच कमी. सिम्युलेशनने मात्र वर्षभर सगळे चेंबर ठणठणीत धरले होते.

इथे माझं काम संपलं असं मला वाटलं. कमिटीचं म्हणणं वेगळं होतं: हे सगळे रन गुड रन लिस्टमध्ये आहेत, तेव्हा चेंबर बंद होता हे कशावरून? शिफ्टच्या लॉगबुकात नोंद होती. त्या दिवशीच्या शिफ्टरने लिहिलं होतं की अमुक सेक्टरचा हाय व्होल्टेज ट्रिप झाला, पुन्हा चढत नाही, एक्स्पर्टला कळवलं आहे. मी ती जोडली. उत्तर आलं, लॉगबुक म्हणजे अधिकृत नोंद नव्हे. अधिकृत दोषनोंदीत तो दोष होता, पण ‘सहन करण्याजोगा’ या वर्गात, आणि कोणता चेंबर, कधीपासून कधीपर्यंत याचा तपशील त्यात नव्हता. कमिटीने डिटेक्टर गटाकडून लेखी खुलासा मागितला.

लेखी एक वाक्य, एवढीच मागणी. आणि त्या एका वाक्यासाठी आठवड्यांमागून आठवडे गेले. ज्यांना विचारलं ते सगळे तोंडी म्हणत, हो हो, तो चेंबर बंदच होता. लिहून द्या म्हटलं की पुढच्या माणसाचं नाव. कुणाचं काम आता दुसऱ्या गटात, कुणी अपग्रेडच्या चाचण्यांत गुंतलेले. तिकीट टाकलं, ते या विभागाकडून त्या विभागाकडे फिरत राहिलं. दरम्यान कमिटीतला एक सदस्य बदलला आणि नव्या सदस्याने फिटचे तेच प्रश्न पहिल्यापासून विचारले. एक मधला मार्गही सुचवला गेला: तो भाग कापून टाका, किंवा अनिश्चितता दुप्पट करून पुढे चला. कितीतरी जणांनी मला हाच सल्ला दिला. मी तो घेतला नाही, आणि आजही घेणार नाही. कारण माहीत आहे, आकार माहीत आहे, तारीख माहीत आहे, तर ती दुरुस्ती असते. तिला अनिश्चिततेच्या गोणपाटाखाली झाकायचं नसतं. उद्या दुसरा कुणी त्याच डेटात जड बोसॉन शोधत बसला तर त्यालाही त्याच खड्ड्यात पडायचं आहे.

‘गुड’ या शिक्क्याबद्दल आता मला नीट कळलं आहे ते असं. डेटा क्वालिटीवाले प्रत्येक लुमिनॉसिटी ब्लॉक, म्हणजे रनमधला छोटासा कालखंड, बघतात. हा ब्लॉक काही प्रयोगांत 23 सेकंदांचा, काहींत मिनिटभराचा असतो. डिटेक्टरचा ठरलेला वाटा चालू असला की ब्लॉक स्वीकारला जातो. हजारो चॅनेलांपैकी थोडे गेले म्हणून पूर्ण डेटा फेकायचा नाही, हे धोरण बरोबरच आहे. परीक्षेत पास म्हणजे पास, किती मार्कांनी ते त्या एका शब्दात मावत नाही, तसंच हेही. फक्त हे पास होणं ज्यांच्या आकड्यांचा आधार असतं त्यांनी गुणपत्रिका मागवून बघायची असते, आणि ती सहज मिळाली पाहिजे. ती मिळवायला माझ्यासारखीला इतकं फिरावं लागतं, हे चूक आहे.

शेवटी सुटलं कसं? ईमेल बंद केले. डिटेक्टर गटाच्या साप्ताहिक मीटिंगमध्ये पाच मिनिटांची वेळ मागितली आणि तीनच प्लॉट दाखवले: फाय-ईटा नकाशा, दोन्ही चार्जचे जुळलेले डाग आणि रननुसारची पायरी. तिथे बसलेल्या ऑपरेशन्सच्या माणसाने स्क्रीनवरच व्होल्टेजची जुनी नोंद उघडली. ट्रिपची वेळ आणि माझी पायरी एकाच रनमध्ये होती. मी लगेच विनंती केली की हे मीटिंगच्या मिनिट्समध्ये यावं. आलं. मिनिट्सची लिंक कमिटीला पाठवली आणि मुद्दा बंद झाला. इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी दुसरं काही कामच केलं नाही. तुम्हाला लेखी काही हवं असेल तर एकेका माणसाच्या मागे धावू नका, मीटिंग गाठा. मिनिट्स हीच लेखी नोंद.

पुढे प्रीअप्रूव्हल, अप्रूव्हल, सगळ्या कोलॅबरेशनची वाचणी, हे आपापल्या वेळात झालं.

काही गोष्टी मध्ये सांगायच्या राहिल्या. ट्रिगरची एफिशियन्सी वेगळी काढा आणि ती दोनदा गुणू नका. सिंगल म्यूऑन ट्रिगर दोघांपैकी कुणीही उडवला तरी घटना नोंदली जाते, त्यामुळे दोघेही हुकण्याची शक्यता एकातून वजा करायची असते. त्यामुळे ट्रिगरची अनिश्चितता बरीच आटते, आणि अनेक जण ती उगाच फुगवून लिहितात.

नकाशा पहिल्याच आठवड्यात काढा. नुसत्या ईटाच्या प्लॉटवर विसंबू नका, कारण फायवर सरासरी काढली की एका सेक्टरचा पूर्ण बंद चेंबरही काही टक्क्यांची उतरण होऊन बसतो आणि ती नजरेतून सुटते.

पाइलअपनुसारही, म्हणजे एकाच वेळी किती टकरी झाल्या त्यानुसारही, एकदा विभागून बघा. रन 2 च्या उत्तरार्धात एका बंच क्रॉसिंगमध्ये (प्रोटॉनांचे दोन पुंजके एकमेकांतून जाताना) सरासरी 30 हून जास्त टकरी होत होत्या. आयसोलेशनची अट (म्यूऑनच्या आजूबाजूला इतर कण फारसे नसावेत ही) त्यात हमखास ढळते, चेंबरची ओळख फारशी ढळत नाही. दोन्ही एकाच आकड्यात गुंडाळलं तर नक्की काय बिघडलं हे शोधता येत नाही. मी ओळख, आयसोलेशन आणि ट्रिगर हे तीन टप्पे सुरुवातीपासून वेगळे ठेवले होते, म्हणूनच डाग फक्त पहिल्या टप्प्यात आहे हे लगेच दिसलं.

आणि बंद चेंबरच्या आधीचा, मधला आणि नंतरचा असे वेगवेगळे स्केल फॅक्टर एकत्र करायची वेळ आली तर त्यांना रनच्या संख्येने भार देऊ नका, लुमिनॉसिटीने द्या. एखादा रन थोड्या मिनिटांत संपतो, एखादा पूर्ण फिल (कोलायडरमध्ये एकदा भरलेला बीम) संपेपर्यंत कित्येक तास चालतो. आमच्या फाइलमध्ये कालखंड वेगवेगळेच ठेवले आहेत आणि दोन्ही चार्जही; त्या वर्षाच्या डेटावर म्यूऑन वापरणाऱ्या गटांनी वर्षाच्या सरासरीऐवजी तीच फाइल घ्यावी.