टीचर, तुम्ही नेमकं काय सोडलंत?

तुम्ही विचारलेत म्हणून हे लिहिते आहे. म्हार्दोळला जायांच्या, म्हणजे जाईच्या फुलांच्या, पूजेच्या गर्दीत, आमच्या विद्यालयाच्या स्टाफरूममध्ये, फोंड्याच्या मासळी बाजारात बांगडे पिशवीत भरून घेताना, गेली दोन वर्षे मला एकच प्रश्न विचारला जातो, “टीचर, तुम्ही नेमकं काय सोडलंत?” भात, साखर, पाव, नारळ, रात्रीचे जेवण यांपैकी काहीतरी मी सोडलेलेच असणार, असे विचारणाऱ्याने आधीच धरलेले असते. उभ्याउभ्या मी “काही नाही हो, थोडा व्यायाम करते” असे म्हणते आणि समोरच्या व्यक्तीला वाटते की मी खरे सांगायचे टाळते आहे. ते तसे वाटू नये म्हणून एकदा सगळे सविस्तर सांगते.

मी फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माझे वय ५२ आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये माझे वजन ७४ किलो होते, कमरेचा घेर ९४ सेंटिमीटर होता आणि रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी ६.३ आली होती. ५.७ ते ६.४ हा टप्पा मधुमेहाच्या उंबरठ्याचा मानतात, आणि भारतीय स्त्रियांचा कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे डॉक्टर सांगतात. माझ्या आईला वीस वर्षांपासून मधुमेह आहे. तिच्या पायाची एक साधी जखम भरून यायला चार महिने लागले होते आणि त्या चार महिन्यांत रोज संध्याकाळी तिची पट्टी मी बदलत होते, त्यामुळे तो ६.३ चा आकडा पाहून मी घाबरले. त्याच वर्षी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि देशात मधुमेहाचे प्रमाण सर्वांत जास्त, २६.४ टक्के, गोव्यात असल्याचे त्यात दिसले. दर चार प्रौढांमागे एक. ती बातमी मी स्टाफरूममध्ये वाचली आणि टेबलाभोवती बसलेली माणसे नकळत मोजली.

सोडण्याचा मार्ग मी त्याआधीच करून पाहिला होता. २०२१ मध्ये एका व्यायामशाळेतल्या प्रशिक्षकाने मला भात, पाव, नारळ आणि गोड पदार्थ एकदम बंद करायला सांगितले. सात आठवडे मी उकडलेल्या भाज्या आणि काकडीवर काढले आणि सहा किलो उतरवले. त्यातले अडीच किलो पहिल्याच आठवड्यात गेले, तेव्हा मला फार आनंद झाला होता. ते बहुतेक पाणी होते हे मला नंतर कळले. आपले शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने इंधनाचा जो साठा ठेवते, त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते, आणि भातपाव बंद केला की साठा आणि पाणी दोन्ही उतरतात. पुढच्या आठवड्यांत चरबीबरोबर स्नायूही गेले असणार, कारण दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचेपर्यंत माझ्या मांड्या थरथरत असत. मग चतुर्थी आली. घरात नेवऱ्या, म्हणजे करंज्या, झाल्या, मी एक खाल्ली, आणि आता मोडलेच आहे तर मोडले, असे म्हणून पाठोपाठ पाच खाल्ल्या. नाताळापर्यंत सात किलो परत आले. प्रशिक्षक म्हणाला की माझ्यात जिद्द नाही, आणि दीड वर्ष मी ते खरे मानून चालले. मी चुकले नव्हते, उपायच टिकण्यासारखा नव्हता, हे तेव्हा कोणी सांगितले असते तर ती दीड वर्षे वाया गेली नसती. असा शब्द ज्यांनी ऐकून घेतला आहे त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते आहे.

दुसऱ्या वेळी काहीच सोडायचे नाही असे मी ठरवले. प्रयोगशाळेत मुलांना पहिल्या दिवशी जे शिकवते तेच घरी केले, म्हणजे आधी मोजले. स्वयंपाकघरात डिजिटल काटा आणला आणि दोन आठवडे खाण्यात कसलाही बदल न करता जे खाल्ले ते वहीत उतरवले. मला जो ‘दोन डाव’ वाटत होता तो दुपारचा उकड्या तांदळाचा भात ३४० ग्रॅम भरला. शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅमला साधारण १३० कॅलरी धरल्या तर तेवढ्या भातातच ४४० कॅलरी होत्या. तेल मी बाटलीतूनच कढईत ओतत असे. बाटली आधी आणि नंतर काट्यावर ठेवली तेव्हा तीन माणसांच्या भाजीत ४० ग्रॅम तेल गेल्याचे दिसले, आणि तेलाच्या प्रत्येक ग्रॅमला नऊ कॅलरी असतात. हुमणाला, म्हणजे माशाच्या आमटीला, मी अख्खा नारळ वाटत होते. संध्याकाळी पदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंगा वाजला की चार पाव घेतले जात, त्यातले अडीच माझ्या चहाबरोबर संपत, आणि ते मला जेवण वाटतच नसे.

हे सगळे आजही माझ्या घरात आहे. भात २०० ग्रॅम झाला, हुमण अर्ध्या नारळात होऊ लागले आणि खरे सांगायचे तर चवीत फारसा फरक पडला नाही. मासळी तव्यावर एका लहान चमच्याच्या तेलात भाजते, भाजीला तेल चमच्याने घालते, आणि पदेराकडून माझ्या वाट्याची एक पोई, म्हणजे कोंडा घातलेला गव्हाचा पाव, घेते. १४ महिन्यांत वजन ७४ वरून ६३.५ वर आले. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी, या हिशेबाने साडेदहा किलोंची विभागणी सव्वाचारशे दिवसांवर केली तर रोजची तूट सुमारे १९० कॅलरींची येते. शरीराचा हिशेब इतका सरळ रेषेत चालत नाही, तरी अंदाज यावा म्हणून सांगते की १९० कॅलरी म्हणजे जेमतेम दीड मोठा चमचा तेल. एवढ्या तुटीसाठी कोणाला उपाशी राहावे लागत नाही, मात्र ती नुसत्या नजरेला दिसतही नाही, म्हणून काटा लागतो.

वहीत याहून महत्त्वाची गोष्ट सापडली ती प्रथिनांची. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगते, म्हणजे ७४ किलोला ६१ ग्रॅम. माझ्या पोटात रोज चाळीस ग्रॅमच्या आसपासच जात होती. मासे खाणाऱ्या घरात प्रथिने कमी कशी पडतील, असा माझाही समज होता. पण आपले शीतकडीचे ताट नीट पाहिले तर त्यात भाताचा डोंगर असतो, त्यावर हुमणाचा रस असतो आणि कडेला बांगड्याचा एक तुकडा असतो. सोमवारी आणि गुरुवारी आमच्या घरात शिवराक, म्हणजे शाकाहार, त्या दिवशी तर पातळ वरणावरच भागत असे. व्यायाम सुरू केल्यावर मी ८० ते ८५ ग्रॅमचे लक्ष्य ठेवले. ते गाठायला काही विकत आणावे लागेल असे वाटले होते, प्रत्यक्षात आजीच्या स्वयंपाकातले पदार्थच पुन्हा चुलीवर चढले. सकाळी पोईबरोबर दोन अंडी खाल्ली की त्या अंड्यांतून १२ ग्रॅम मिळतात. दुपारी दीडशे ग्रॅम मासळी असली की आणखी २८ ते ३०. संध्याकाळी भिजवून उकडलेले चणे किंवा वाडगाभर दही, आणि रात्री मुगागाठी, म्हणजे मोड आलेल्या मुगाची आमटी, किंवा अळसांद्यांचे, म्हणजे चवळीचे, तोंडाक, पण वाटीत रस कमी आणि कडधान्य जास्त. शिवराकाच्या दिवशी मासळीच्या जागी पनीर येते. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस ट्रॉलर बंद असतात, मासळी मिळते ती महाग असते, आणि त्या काळात आमच्याकडे कुळीथ येतात, ज्यांच्या कोरड्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. सुकी मासळीही चालते, पण तिच्यात मीठ फार, म्हणून रक्तदाब असलेल्या माझ्या यजमानांना मी ती बेतानेच वाढते. पावडर घेता का, असेही पुष्कळजण विचारतात. मी घेत नाही, कारण ताटातूनच भागते. ज्यांचे भागत नाही त्यांनी दुधापासून बनणारी व्हे प्रथिने घेतली तर त्यात वाईट काही नाही, एवढेच की ती जेवणाला पूरक आहेत आणि महाग आहेत.

आता मेहनतीविषयी, कारण नुसते मोजून खाल्ले असते तर मी बारीक झाले असते, पण जिना चढताना मांड्या तशाच थरथरल्या असत्या. जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवून घेणारे सर्वांत मोठे कोठार म्हणजे आपले स्नायू. तिशीनंतर ते हळूहळू घटत जातात, रजोनिवृत्तीनंतर हाडेही विरळ होऊ लागतात, आणि हे दोन्ही रोखून धरायला शरीरावर भार द्यावा लागतो. भार वाढवत नेण्याची पद्धत शरीर कमावणाऱ्यांनी आपल्या हौसेसाठी काढली असावी असे मला वाटत असे. ती वैद्यकात रुजवली ती थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे हातपाय पुन्हा बळकट व्हावेत म्हणून त्याने त्यांना क्रमाक्रमाने जड होत जाणारी वजने उचलायला लावली आणि १९४५ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. हे वाचल्यावर माझी भीती बरीच गेली, कारण जे मोडलेल्या पायांसाठी सुरू झाले ते माझ्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना वर्ज्य कसे असेल? अर्थात आधी गुडघे डॉक्टरांना दाखवले. ज्यांना साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू आहे त्यांनी तर विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नये, कारण खाणे आणि व्यायाम बदलला की गोळीचे प्रमाणही बदलावे लागू शकते.

माझी सुरुवात स्टुलावरून झाली. हात न टेकता बसायचे आणि उठायचे. पहिल्या सोमवारी आठ वेळा जमले, नवव्या वेळी मेज धरावे लागले. पंधरा वेळा जमू लागल्यावर चार किलोचे डंबेल छातीशी धरले, मग सहा, मग आठ. चौथ्या महिन्यात जिममधल्या एका समजूतदार मुलीने मला डेडलिफ्ट शिकवली, म्हणजे जमिनीवरचा भार पाठ सरळ ठेवून, ढुंगण मागे नेऊन, पायांच्या जोरावर उचलायचा. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे लोखंडी दांडा बोटांतून निसटतो. म्हणून हाताला खडूची पूड लावतात. तो फळ्यावरचा खडू नव्हे, मॅग्नेशियम कार्बोनेट, आणि तो ओल शोषून घेतो. पांढरी झालेली बोटे पाहून मला त्या अनोळखी खोलीत पहिल्यांदा आपलेपणा वाटला, कारण तीस वर्षे माझे हात तसेच असतात. १२ किलोंपासून निघून १४ महिन्यांत मी ६० किलो सलग पाच वेळा उचलू लागले. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण पाऊण तास, यापेक्षा जास्त वेळ मी कधी दिला नाही. पण त्या पाऊण तासात शेवटच्या दोन उचली खरोखर जड जायला हव्यात, आणि आज किती उचलले ते लिहून पुढच्या खेपेस थोडे वाढवायला हवे. वर्षभर तेच डंबेल हलवत गप्पा मारणाऱ्या बायकांची मला कळकळ वाटते, कारण त्या येतात नियमाने आणि त्यांच्या पदरात मात्र काही पडत नाही.

बाकीचे थोडक्यात सांगते. सकाळी सहाला, उन्हे तापण्याआधी, फर्मागुडीच्या चढावर अर्धा तास चालते आणि पावसाळ्यात तेच विद्यालयाच्या लांब व्हरांड्यात करते. रात्री साडेदहाला झोपते, कारण झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक आवरत नाही.

मधे अडले तेही सांगायला हवे. सातव्या महिन्यात पाच आठवडे वजन ६७.५ वर थांबले. शरीर हलके झाले की त्याचा रोजचा खर्चही कमी होतो, म्हणून आधीची तूट भरून निघते. मी रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटे चालणे वाढवले आणि रोजच्या वजनाकडे पाहणे सोडून आठवड्याची सरासरी काढू लागले, कारण मिठामुळे आणि पाण्यामुळे काटा एका दिवसात किलोभर सहज इकडेतिकडे होतो. त्या वर्षीच्या चतुर्थीत मी नेवऱ्या खाल्ल्या, पातोळ्याही खाल्ल्या, वजन १.२ किलोने वाढले आणि नऊ दिवसांत उतरले. एप्रिल २०२४ मध्ये एचबीएवनसी ५.६ आली. कमर ८३ वर आहे, अजून ८० च्या आत आलेली नाही, आणि तिथपर्यंत पोचण्याची मला घाई नाही.

स्वयंपाकघरातला तो काटा सध्या स्टाफरूमच्या कपाटात असतो. माझे हात आता भात वाढतानाच २०० ग्रॅम ओळखतात, म्हणून मी तो तिथे नेऊन ठेवला. गेल्या शुक्रवारी मधल्या सुट्टीत, जिने मला हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला असेल त्या भूगोलाच्या सहकारी शिक्षिकेने आपला डबा उघडला, त्यातला भात ताटलीत काढून काट्यावर ठेवला आणि आकडा मोठ्याने वाचला. ४१० ग्रॅम. तिने लगेच अर्धा भात बाजूला काढायला चमचा घेतला. मी तिचा हात धरला, माझ्या कपाटातली एक कोरी वही तिला दिली आणि सांगितले की दोन आठवडे काहीही कमी करू नकोस, जेवढे खातेस तेवढेच खा आणि फक्त लिही.