‘लाजाळू’ हा शब्द खोडताना

डहाणू तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरावीला बालविकास शिकवते. जवळच बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसोबत आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. अंगणवाडी या कल्पनेची मुळं इथली. आणि आमच्या मुली मात्र बालवयाबद्दलचं सगळं पुस्तकातून जर्नलमध्ये उतरवत होत्या. हे मला फार लागायचं. म्हणून मागच्या वर्षी ठरवलं, प्रकल्प अंगणवाडीत बसूनच करायचा. आठ मुली, चार बुधवार.

परवानगीतच पहिला बुधवार गेला. सेविकाताईंना वाटलं, आम्ही तपासणीला आलोय. ‘तुमचं काम नाही, मुलांचा खेळ बघायचाय,’ हे मुलींनीच त्यांना समजावलं. पालकांना घरी जाऊन विचारलं. एका आईने नको म्हटलं. त्या मुलाबद्दल एक ओळही लिहायची नाही, हे तिथेच ठरलं. बाकीच्यांची नावं न लिहिता त्यांना आकडे दिले.

दुसऱ्या बुधवारच्या नोंदी वाचताना माझ्या लक्षात आलं की खरं शिकवायचं ते हेच. ‘मूल ५ लाजाळू आहे.’ ‘मूल ३ हट्टी आहे.’ मी विचारलं, ‘लाजाळूपणा कुठे दिसला? डोळ्यांना काय दिसलं ते सांग.’ ती मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘बाई, ताईंनी गाणं म्हणायला सांगितलं तेव्हा ती खाली बघत होती. फ्रॉकचं टोक पिळत होती.’ मग हेच लिही, म्हटलं. त्या दिवशी आम्ही वह्यांमधले असे सगळे शब्द खोडले: हुशार, मस्तीखोर, मंद, गुणी. खोडल्यावर काही वह्यांत जेमतेम दोन ओळी उरल्या.

तिसऱ्या वेळी तक्ता नेला. अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२मध्ये खेळाचे जे प्रकार मांडले, त्यातले पाच घेतले: एकटं खेळणं, नुसतं बघत राहणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, मिसळून खेळणं, ठरवून एकत्र खेळणं. दहा मिनिटं, दर ३० सेकंदांनी एक खूण. एकाच मुलाकडे दोघींनी बघायचं, पण एकमेकींच्या कागदात डोकावायचं नाही. एका जोडीच्या २० पैकी १३च खुणा जुळल्या. दोघी हमरीतुमरीवर आल्या. एकमेकांकडे न बघता एकाच मातीच्या ढिगात खणणारी दोन मुलं ‘शेजारी’ की ‘मिसळून’? मला उत्तर देता आलं असतं, पण दिलं नाही. शेवटी त्यांनीच व्याख्या लिहिली: वस्तूची देवाणघेवाण किंवा बोलणं झालं तरच ‘मिसळून’. चौथ्या बुधवारी त्याच जोडीच्या १७ खुणा जुळल्या. व्याख्येसाठी भांडायला मिळणं हा संशोधनातला सगळ्यात मोलाचा तास आहे, असं मला मनापासून वाटतं. तो तासिकेच्या ३५ मिनिटांत बसत नाही.

मूल ५ चं पुढे काय झालं? आमच्या गटातली एक मुलगी वारली पाड्यावरची. चौथ्या दिवशी ती मातीच्या ढिगाजवळ बसली होती. तिच्या नोंदीत होतं, की मूल ५ शेजारच्या मुलीशी वारलीत सलग बोलत होतं, पानांच्या भाकऱ्या करून वाटत होतं. ‘ठरवून एकत्र’च्या रकान्यात सहा खुणा होत्या. गाण्याच्या वेळी मात्र शून्य शब्द. गाणं प्रमाण मराठीत होतं. भाषेमुळेच असं झालं, असं मुलींना लगेच लिहायचं होतं. तीन दिवस आणि एका मुलावरून तेवढं म्हणता येत नाही, हे पटवायला मला आणखी एक तासिका लागली. ‘भाषा हे कारण असू शकेल, आणखी बघावं लागेल,’ असं त्यांनी अखेर लिहिलं.

अहवाल आधी ताईंना वाचून दाखवला. त्यांनी तो तक्ता मागून घेतला आणि त्या वारली बोलणाऱ्या मुलीला विचारलं, ‘तू येत्या बुधवारी येशील का? तिला तुमच्यातलं एखादं गाणं येतं का, बघू.’