तुम्ही विचारलंत म्हणून : संपाला ‘स्ट्राइक’ का म्हणतात?

साताऱ्यात इंग्रजी शिकवताना विद्यार्थी आणि कधी कधी त्यांचे पालकही मला एक प्रश्न हमखास विचारतात : ‘स्ट्राइक’ म्हणजे प्रहार करणे, तर हातातले काम खाली ठेवून बसण्यालाही तोच शब्द कसा? कामगार मालकावर घाव घालतो म्हणून, असे उत्तर बहुतेकांनी मनाशी ठरवलेले असते. ते ऐकायला पटते, परंतु शब्दाचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही.

जुन्या इंग्रजीतल्या ‘स्ट्रीकान’ या क्रियापदाचा मूळ अर्थ मारणे हा नव्हता; एखाद्या पृष्ठभागावरून हात फिरवणे, घासणे, सरकत पुढे जाणे, असा होता. कुरवाळणे या अर्थाचा ‘स्ट्रोक’ आणि रेघ या अर्थाचा ‘स्ट्रीक’ हे शब्द याच कुळातले आहेत, आणि जर्मन भाषेतला त्यांचा भाऊबंद ‘श्ट्रायखन’ आजही पावावर लोणी पसरण्यासाठी किंवा भिंतीला रंग देण्यासाठी वापरला जातो. प्रहाराचा अर्थ 14व्या शतकाच्या सुमारास रुळला. पुढे त्याने इतका जोर धरला, की घड्याळाचे टोले, फलंदाजाचा स्ट्राइक रेट, कॅरमचा स्ट्रायकर ही सगळी उदाहरणे आपल्याला त्याच अर्थाची आठवतात.

जुना अर्थ मला सर्वांत स्वच्छ दिसतो तो धान्याच्या मापात. इंग्लंडमध्ये माप भरल्यावर त्याच्या काठावरून एक सरळ काठी फिरवून वरचे धान्य खाली पाडीत. त्या काठीला, आणि काही भागांत खुद्द मापालाही, ‘स्ट्राइक’ म्हणत. पायलीने ज्वारी मोजलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना शिगेचे माप आणि सपाट माप यांतला फरक सांगावा लागत नाही. ती शीग उतरवणारी हाताची आडवी हालचाल म्हणजे मूळचे ‘स्ट्राइक’. यादीतल्या नावावर आडवी रेघ ओढून ते काढून टाकणे, यालाही इंग्रजीत हेच क्रियापद लावतात.

जहाजाचे शीड खाली उतरवण्यालाही इंग्रज खलाशी ‘स्ट्राइक’ म्हणत, आणि जर्मन भाषेतही शिडांसाठी ‘श्ट्रायखन’च येते. 1768 साली लंडनच्या बंदरात मजुरीच्या मागणीसाठी खलाशांनी जहाजांची शिडे उतरवली आणि जहाजे निघणे बंद पाडले. काम थांबवणे हा अर्थ या घटनेपासून प्रचारात आला, असे मानले जाते, आणि मलाही हीच व्युत्पत्ती सर्वांत सयुक्तिक वाटते, कारण जहाज शिडावर चालते आणि शीड खलाशाच्या श्रमावर.

हा प्रश्न मी घाईने उरकत नाही. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप सुरू केला, तेव्हा त्यांत आपल्या जिल्ह्यातली माणसे मोठ्या संख्येने होती, आणि त्यांची नातवंडे आज माझ्या वर्गात बसतात. आजोबांनी संपात भाग घेतला म्हणजे कोणावर हात उगारला, असा अर्थ त्यांनी इंग्रजी शब्दावरून काढू नये, यासाठी मी त्यांना आधी शिडाची हकिकत सांगतो आणि मगच शब्दकोश उघडायला लावतो.